हौसेचं मशीन

भाऊजी,

नमस्कार लिहायला हात वळत नाही.

आमचं दिवाळं निघालं. कोर्टाचा माणूस सामानाची यादी करायला आला, तेव्हा तो नीट सांगत होता, की अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि पोट भरायची हत्यारं कायद्यानं आमच्याकडे राहतात. मग शिलाई मशीनवर हात ठेवून त्यानं विचारलं, "यावर कमावता का?"

मी तोंड उघडायच्या आत तुम्ही थोरलेपणा मिरवलात. "छे हो, आमच्या घरातल्या बायका लोकांचे कपडे शिवत नाहीत. हौस आहे तिची."

मी म्हटलं, चौदा वर्षं यावरच घर चालतंय. त्यानं पुराव्याला दुकानाची पाटी मागितली. ती तुम्हीच कधी लावू दिली नव्हतीत. मशीन गेलं.

तुमच्याकडून मी कधी शिलाई घेतली नाही, त्यामुळे तुम्हाला ती हौसच वाटली असेल.

कात्री तेवढी राहिली आहे. तुमच्या नव्या कोटाचं कापड तो माणूस यायच्या आदल्या दिवशीच बेतून कापलं होतं. हे पत्र मी पाठवत नाही, ते सतरा तुकडे पाठवते. बसा हौसेनं शिवत.

तुमची भावजय
धंदा: शिवणकाम