चौदा नंबरची ओळ

चोरखमारा, गुरुवार, १३ ऑक्टोबर २०११

चि. गुंजनबाई हिला मनिराममामाकडून पायलागू. (वयाने मी तीस वर्षांनी मोठा, पण आपल्यात मामाने भाचीच्या पाया पडायचे असते, त्यामुळे तुला रागवायची सोय मला कधी मिळालीच नाही. आज तर माझ्यावरच कान धरायची पाळी आली आहे.) इकडे सगळे खुशाल. मामीचा गुडघा थंडीआधीच कुरकुरायला लागला, पण तिच्या तोंडापेक्षा कमीच. तू वेळेवर जेवतेस ना? होस्टेलची पोळी चावत नाही असे तुझी आई म्हणत होती. फोनच केला असता, पण फोनवर तू गप्प झालीस की मला ते सोसत नाही. शेजारचा भैय्यालाल उद्याच्या गाडीने नागपूरला येतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो.

तर तुझ्या धानाविषयी. आपल्या शेतातल्या बांधीत तू वीस ओळी रोवल्यास तेव्हा सगळे नीट समजावले होतेस, आणि मी मान हलवत होतो हेही खरे. पण माझे अर्धे लक्ष तुझ्या ताटात होते (भात दुसऱ्यांदा घेत नव्हतीस). डोक्यात राहिले ते इतकेच, की चौदा नंबरची ओळ तुझी स्वतःची, तीन वर्षे एकेक फूल चिमट्याने उघडून जुळवलेली, आणि दसऱ्यानंतर तुझे सर येऊन प्रत्येक ओळीतल्या गोळ्या मोजतील. आता तूच सांग, लोंबीवर दाण्याच्या जागी पिवळी गोळी फुगली की आपल्याकडे लक्ष्मी आली म्हणतात. माझ्या बापाने त्या गोळ्यांना हात जोडले आहेत. जिथे लक्ष्मी जास्त तिथे मार्क जास्त, असे कोणालाही वाटेल. तुझ्या मामीलाही तसेच वाटले. तुझी ओळ तिला जरा उणी दिसली, म्हणून तिने शेजारच्या ओळींतल्या गोळ्या खुडल्या आणि हिरव्या धाग्याने तुझ्या लोंब्यांना बांधल्या. (गाठी इतक्या बारीक, की काय सांगू.)

आज सर आले. बूट चिखलात घालायचे नव्हते, म्हणून बांधावरूनच मोजणी झाली. चौदा नंबरात बत्तीस! मी छाती फुगवून उभा, आणि सरांनी वहीत लाल फुली मारली. मग चहा पिताना म्हणाले की ही गोळी म्हणजे बुरशी, तिचे विष तांदळात आणि जनावरांना चारायच्या तणसात उतरते, आणि जिला ही गोळी धरतच नाही अशी धानाची जात काढायची, हाच गुंजनचा सगळा खटाटोप होता. चौदा नंबर वाया गेली, सोमवारी कापून जाळून टाका, असेही म्हणाले. मी खरे सांगायला तोंड उघडले आणि त्यात बिस्कीट घातले. सरांची गाडी गेल्यावर फार वाईट वाटले बेटा. तुझी तीन वर्षांची मेहनत आपल्या घरातल्या सुईदोऱ्याने घालवली. तरी मामीवर रागावू नको, तिचा तुझ्यावर जीव आहे.

तुझा,
मनिराममामा

ता. क. हे पत्र मामीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "माहं नाव कायले घालून राहिले? भाचीसंग खोटं बोलाले लाज नाही वाटत?" तर खरे असे, की मामी त्या बांधीकडे फिरकलीही नाही. तिने फक्त धागा दिला, तोही बनियन शिवायचे आहे असे मी सांगितल्यावर.

आणखी ता. क. सोमवारच्या आत सरांना घेऊन ये. तोवर ओळीला मी कोणाला हात लावू देणार नाही. गाठी तशाच आहेत, बत्तीसच्या बत्तीस मोजून घ्या. सरांना सांग, मामा सही करून द्यायला तयार आहे, की त्या ओळीची स्वतःची एकही गोळी नव्हती. दोन दिवस मी एकेक लोंबी हातात घेऊन शोधत होतो, तुझ्यासाठी एक तरी सापडावी म्हणून.