वरच्या सहा ओळी

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा लिहायला बसले आहे, तेही चिडून. काल आमच्या शेठचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि 'नाशिकच्या द्राक्षांना संगणक दाखवणारा माणूस' अशी आरती. संगणक! या माणसाच्या हातात माऊस दिला तर अजूनही टेबल पुसल्यासारखा फिरवतो. तुमच्या प्रोग्रामवर ह्यानं कंपनी उभी केली, आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या पिटत होते. शिसारी आली अगदी.

तुमचा क्लास नाशिकरोडला, पिठाच्या गिरणीच्या वर. गिरणी सुरू झाली की मॉनिटर थरथरायचा आणि कीबोर्डवर पीठ बसायचं. पिंपळगावच्या पॅकहाऊसवाल्यांसाठी तुम्ही तो प्रोग्राम लिहिलात, कुठल्या बागेचा माल कुठल्या पेटीत गेला त्याचं लेबल छापणारा. प्रत्येक फाईलच्या डोक्यावर सहा ओळी असायच्या, आधी तुमचं नाव आणि खाली ती कॉपीलेफ्टची अट. मी एकदा विचारलं, "सर, सगळ्यांना वाटूनच टाकायचं तर अट कशाला घालता?" तुम्ही उखडलात. "तुझ्या वडिलांनी बाग लावली, तेव्हा कलमं करायला काड्या कुठून आणल्या?"

"शेजारच्या बागेतून."

"आणि आता छाटणीच्या वेळी तुमच्याकडे कोणी मागायला आलं तर?"

"देतातच की. नाही कसं म्हणणार?"

"मग झालं तर! द्राक्षं विका, खुशाल विका. काडी अडवायची नाही. हा प्रोग्राम घ्या, बदला, विकासुद्धा. पण ज्याला द्याल त्याला सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला कोड, द्यायचा, त्यालाही पुढे देऊ द्यायचं, आणि ह्या सहा ओळींना हात लावायचा नाही."

केवढा तो भाबडेपणा, सर! बांधाला बांध लागलेला असतो म्हणून लोक काडी देतात. कंपनीला कसला आलाय बांध?

मी सातपूरला शेठकडे नोकरीला लागले ती तुमच्या प्रोग्रामची फ्लॉपी पर्समध्ये घालूनच. सहा महिन्यांत तुमचा प्रोग्राम 'आमचा' झाला, सोर्स कपाटात गेला आणि वरच्या ओळी गायब. शेठनं काढायला लावल्या, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. लोकांना पटतंही. त्याचं थोबाडच तसं आहे.

मग परदेशातला लेबलांचा नियम बदलला. ऐन हंगामात पेट्या कोल्ड स्टोरेजमध्ये अडकल्या, पॅकहाऊसवाले आमच्याकडे हेलपाटे घालून थकले आणि शेवटी तुमच्याकडे आले. तुम्ही त्यांच्या पडद्यावर आमच्या प्रोग्राममधली गावांची यादी पाहिलीत. तुमच्या आईचं गाव सगळ्यांत वर, तुम्हीच ठेवलं होतंत तसं, अक्षरांचा क्रम गेला खड्ड्यात. ते बदलायचं मला सुचलंच नव्हतं.

तुम्ही ऑफिसात येता. घामेजलेले, हातात तीच कापडी पिशवी. विचारता, "हा कोड कुणाचा गं?"

"आमचाच, सर."

तुम्ही पिशवी टेबलावर ठेवता. मग म्हणता, "असू दे. तुम्ही केलेल्या बदलांसकट सोर्स तेवढा द्या त्यांना. लेबल मी बदलून देतो, इथंच बसून."

"शेठ नाही म्हणतात, सर."

शेठ त्या दिवशी गावातच नव्हता. तुम्ही चहा पूर्ण प्यायलात, "चहा छान केलाय," म्हणालात आणि जिना उतरलात. त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मी दहाव्याला आले, मागे उभी राहिले आणि तशीच निघाले.

शेठला शिव्या घालायला सोपं आहे, म्हणून पानभर घातल्या. हा कागद पोस्टात टाकायचा नाही, तेव्हा इथं तरी खरं लिहिते. त्यानं मला काहीच सांगितलं नव्हतं. त्याला ती फाईल उघडताही यायची नाही. त्या ओळी त्यानं कधी पाहिल्याच नाहीत. मीच पुसल्या, सर, आणि त्या जागी माझं नाव लिहिलं.