रोकामोरा गाव पायी पाहण्याचा माझा बेत

१२ मे, सकाळी ७
आजपासून पायी. एकतीस वर्षं रोकामोराच्या वेशीपर्यंत बस नेली, आत पाऊल टाकलं नाही. आमच्या समोरच्या डोंगरावरचं गाव, त्यात पाहायचं काय? पण बाजारात चीज विकणारी फेदोरा म्हणते, आधी आमचं गाव पायी बघा, मग लग्नाचं बोला. रविवारी परीक्षा घेणार आहे. तीन दिवसांत आटोपतो.

दुपारी
वेशीपासून चर्चपर्यंत दोनशे चौदा पायऱ्या. अकरा चढलो. पहिल्याच दिवशी घाई नको. वेशीवरच्या बारमध्ये बसून गावाचा एकंदर अंदाज घेतला. चढण वरच्या दिशेनं आहे.

१३ मे
टोपी, नकाशा, काळा चष्मा. परदेशी प्रवासी वाटावं म्हणून कोणाशी बोललो नाही. खिडकीतून एक म्हातारी ओरडली, काय रे ओत्तोरिनो, आज बस कुठे हरवलीस? या गावातही कोणी ओत्तोरिनो असेल.

१४ मे
गल्ल्यांत चुकलो असं म्हणता येणार नाही. एकाच विहिरीपाशी चार वेळा मुद्दाम आलो. तिथे फेदोराची थोरली बहीण आर्जेंता भेटली. साठीची, पण चढायला बकरीसारखी. तिच्याकडून गाव शिकून घ्यायचं आणि रविवारी फेदोराला थक्क करायचं, असं ठरवलं. गुडघ्याला आधार म्हणून संध्याकाळी तिच्या हातात हात घालून चौकात फिरलो. आधी तिनं दोनदा विचारलं, अहो, चौकात? सगळ्यांच्या देखत? म्हटलं, मी काय कोणाला भितो?

१५ मे
पुन्हा आर्जेंतासोबत चौक. लोक खुर्च्या बाहेर काढून बघत होते. माझ्या चालण्यात डौल आलाय, नक्कीच. न्हाव्यानं दुकानातून बाहेर येऊन हात मिळवला.

१६ मे, रात्री ८
तिसरी संध्याकाळ. बेकरीवाल्यानं साखरेत घोळवलेले हिरवे बदाम खिशात कोंबले. हिरवे म्हणजे साखरपुड्याचे. गावात कोणाचं तरी जमलंय वाटतं. आर्जेंताचा चेहरा लालबुंद. या वयात ऊन सोसत नाही.

१७ मे
पाय सुजले. चर्च मागच्या रस्त्यानं भाजीच्या टेम्पोतून जाऊन पाहिलं. उतरल्यावर चाललोच की! भाषण पाठ केलं.

१८ मे, रविवार
फेदोराच्या दारात अख्खी गल्ली नटूनथटून उभी. भाषण सुरू केलं, तर फेदोरानंच थांबवलं. म्हणाली, आता परीक्षा कसली? रोकामोरात बाईमाणसासोबत सलग तीन संध्याकाळी हातात हात घालून चौक फिरलं की लग्न ठरलं. एवढं गाव पाहिलंत आणि हेच नाही कळलं? मग डोळे पुसत म्हणाली, चौदा वर्षं ताई कोणाला हो म्हणत नव्हती हो.
मी खिशातले हिरवे बदाम चाचपले.
फेदोरानं माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच. आणि म्हणाली, आत या, भावोजी.