यात पावडर नाही

१२ नोव्हेंबर २००३

नाही केली सही!

कंपनीचा साहेब पांढऱ्या गाडीतून न्हावऱ्याला आला, गुऱ्हाळावर खुर्ची टाकून बसला आणि आमच्या अकरा घरांपुढे एकच कागद ठेवला. सगळा गूळ त्यांनाच द्यायचा, दुसऱ्या कुणाला एक ढेपसुद्धा नाही. वर छाप त्यांचा – 'नॅचरल'. आमचं नाव कुठंच नाही. मग बॅगेतून पुठ्ठा काढला, रंगाच्या दुकानात असतो तसला. 'गूळ ह्या रंगाचा पाहिजे.' म्हटलं, साहेब, बिनपावडरीचा गूळ असा पिवळाधमक होत नसतो. तर म्हणतो कसा, 'ते तुमचं तुम्ही बघा.'

वा रे नॅचरल!

गुऱ्हाळ सुफियाभाभींचं, आणि आमच्या होऊ घातलेल्या सहकारी संस्थेच्या अध्यक्षही त्याच. त्यांनी साहेबाला आधी पोटभर रस पाजला, मग कागद परत हातात दिला. 'आमचा गूळ आमी इकू साहेब. आमच्या नावानं.'

घरी दया म्हणाली, 'फॅक्टरी सोडून घरी बसलात ते ह्या उठाठेवीसाठी?' मी म्हटलं, व्हय. ती हसली. बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर

संस्थेचे कागद शिरूरला दिले. कारकुनानं विचारलं, 'उद्देश?' भाभी म्हणाल्या, 'खाणाऱ्याला करणारा कळावा.' त्यानं पेन खाली ठेवलं. शेवटी 'उत्पादन व विक्री' असं लिहून घेतलं.

मग लेबलावरून दोन तास भांडण. 'नैसर्गिक' नको, तो शब्द कंपनीनं उष्टा केला. मी म्हटलं, 'ऑरगॅनिक'. त्यावर गेणबा आबा – 'म्हंजी काय रं दावीद? तुमच्या चर्चमधी वाजवत्यात त्ये?' सगळे खो खो हसले. आबा आमचे गुळव्या. सत्तरी उलटली, पण काहिलीतला पाक नुसता बघून सांगतात, उतरवा म्हणून.

शेवटी ठरलं – वर गुळव्याचं नाव, खाली फक्त 'यात पावडर नाही'. बस. ज्याला कळायचं त्याला कळेल.

१९ नोव्हेंबर

पहिली काहील! रानभेंडीचा चोथा टाकून मळी काढली, बाकी काही नाही. गूळ तपकिरी, जरा काळपटच. चव मात्र – काय सांगू! दयासाठी आणला तर उभ्या उभ्या दोन खडे खाल्ले तिनं.

आबा मात्र तोंड पाडून बसले. 'चाळीस वर्सं सोन्यावानी गूळ काढला. ह्या काळ्या ढेपंवर माजं नाव?' मी समजावलं, आबा, आता लोकांना हाच हवाय. 'लोकास्नी डोळं हायती का न्हाई?' म्हणाले आणि तंबाखू मळत बसले.

२३ नोव्हेंबर

रविवार. उपासनेला गेलो. पाळक काय बोलले देव जाणे, डोक्यात सगळा गूळ. पुढच्या रविवारी हडपसरच्या सोसायटीचे लोक गुऱ्हाळ बघायला येणार आहेत. साठ घरं! त्यांना पटलं तर आमचं जमलं. नाही पटलं तर त्या साहेबाच्या गाडीमागं धावावं लागेल.

३० नोव्हेंबर

काय लिहू.

पाहुणे आले. वच्छलाबाई म्हणून एक रिटायर्ड नर्स आहेत, त्यांनीच साठ घरं गोळा केलीत. बायकांनी काहिलीभोवती फोटो काढले, पोरंठोरं रसात न्हाली. सगळा आनंदीआनंद. फडकी सोडून ढेपा फोडल्या तर – पिवळ्या! लख्ख पिवळ्या. बायका म्हणाल्या, 'अय्या, किती सुंदर!' आबा फेटा बांधून उभे होते, नवऱ्या मुलाच्या बापासारखे.

मी एक खडा नाकाशी नेला. हायड्रॉस. कुरकुंभच्या फॅक्टरीत तेवीस वर्षं मी ह्याच पावडरीची पिंपं हलवली आहेत. काडी ओढल्यावर येतो तसला तो गंधकाचा वास. झोपेत ओळखीन! कपड्याचा रंग काढायची पावडर, आणि वर लेबल – 'यात पावडर नाही'.

आणि मी गप्प बसलो. पाहुण्यांनी ढेपा पिशव्यांत भरल्या. मी टेम्पोत चढवायला हात लावला!

१ डिसेंबर

सकाळीच आबांना गाठलं. नको नको ते बोललो. वयाचाही मान ठेवला नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'टाकली. चिमूटभर टाकली. आरं, घरी पाव्हणं येनार, बायकापोरांसकट, आन् म्या त्यांच्या म्होरं काळा गूळ ठिवू व्हय? पाव्हण्याला कुणी फाटकं घोंगडं हातरतं का?'

पाहुण्यांचा मान राखायला गेला म्हातारा, आणि पाहुण्यांनाच फसवून बसला.

दया म्हणाली, 'एवढे का चिडलात त्यांच्यावर? तुम्हीही गप्पच होता की.' ताट तसंच सोडून उठलो.

२ डिसेंबर

मीटिंग. अकराच्या अकरा घरं हजर. मी सांगितलं. एकच कल्ला! आनंदराव म्हणाले, 'झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला कळतंय? पुढल्या बारीला नीट करू.' निम्म्यांनी माना डोलावल्या. साहेबाचा फोन परवाच येऊन गेलाय, कागद अजून तयार आहे म्हणे. बोंब झाली तर संस्था जन्मायच्या आधीच मरणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

सुफियाभाभी शेवटी बोलल्या. 'कंपनी खोटं लिव्हती म्हनून आपन येगळं निघालो. आता आपनच लिव्हायचं, तर मंग त्यांच्याच गाडीत बसू की! निदान बूड तरी टेकल.'

ठरलं – पुण्याला जायचं, सांगायचं, गूळ परत आणायचा. आबा उठून म्हणाले, 'मी सांगनार. नाव माजं हाय ढेपंवर.'

४ डिसेंबर

आबा आणि मी, सकाळच्या एसटीनं. आबा शिक्रापूरपर्यंत खिडकीबाहेरचे उसाचे फड बघत बसले. तिथं ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली तेव्हा विचारलं, 'मारत्याल का रं?' म्हटलं, नाही हो आबा. 'मारत्याल तर बरं हुईल,' म्हणाले.

सोसायटीच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं. आबांनी फेटा काढून हातात घेतला आणि उभं राहून सांगितलं, एका दमात – पावडर टाकली, तुमच्या मानासाठी टाकली, चूक झाली, गूळ परत द्या. इतकंच. एका बाईनं विचारलं, 'पण पावडर मिळाली कुठून?' आबा म्हणाले, 'बाजारात मिळती की, कुठंबी.' मी खाली बघत होतो.

कुणी ओरडलं नाही. तेच जास्त लागलं. वच्छलाबाई एवढंच म्हणाल्या, 'आम्ही बोलून कळवतो.' ढेपा मात्र बऱ्याच परत मिळाल्या. काही घरांत पाहुण्यांना वाटून झाल्या होत्या.

६ डिसेंबर

फोन नाही.

७ डिसेंबर

फोन नाही. साहेबाचा आला. भाभींनी उचलून ठेवून दिला.

८ डिसेंबर

आबांनी न सांगता नवी काहील लावली. तपकिरी. लेबल स्वतःच्या हातानं चिकटवलं, जरा तिरकं. 'हाय ह्यो असा हाय,' म्हणाले.

१० डिसेंबर

आला! आला फोन! भाभी अंगणातनं ओरडत आल्या, पायात चपला नाहीत. साठातली चोपन्न घरं तयार. काळाच गूळ द्या म्हणतात! आणि नुसता विकत नको – त्यांना सभासद व्हायचंय. शेतकऱ्यांबरोबर गिऱ्हाइकंही संस्थेत, दर महिन्याला त्यांच्यातलं एक घर गुऱ्हाळावर येऊन बसणार. असं कधी ऐकलं नव्हतं. आनंदरावांनी मला मिठी मारली. झाकली मूठवाल्यांनी!

वच्छलाबाईंची एकच अट. दर काहिलीला तपासायला एक विश्वासाचा माणूस हवा. भाभींनी जागच्या जागी नाव दिलं – दावीद. 'ह्यांचं नाक आन् ह्यांची जीभ, दोन्ही खरी हायती.' टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात आबांनी वाजवल्या.

११ डिसेंबर

पावडरीचा डबा माझा होता. फॅक्टरी सोडली त्या महिन्यात, संस्थेचं डोक्यातही नव्हतं तेव्हा, मीच आणून आबांना दिला, 'टाका, सोनं होतं' म्हणून. चाळीस माणसांपुढे म्हातारा खोटं बोलला ते माझ्यासाठी, आणि मी बोलू दिलं. दयाला आत्ताच सांगितलं. ती म्हणाली, 'मग इथं काय बसलात?' निघतो भाभींकडे. तपासायला आबांना नेमा म्हणणार आहे.