गल्लीच्या बूथवरची खुर्ची

२२ एप्रिल २०२३, निपाणी

विधानसभेचा अर्ज मंजूर! उमेदवारांच्या यादीत नाव लागलं – पारमिता. बेळगावच्या टिळकवाडीतला फ्लॅट बंद करून इथं भाड्याच्या खोलीत आले. माहेर दोन गल्ल्या सोडून, आणि मी इथं एकटीपुरतं पिठलं ढवळतेय. हसावं की रडावं!

२६ एप्रिल

मराठी गल्लीत विचारतात, "सीमाप्रश्नावर तुमी कुणीकडं?" कन्नड गल्लीतही तेच, फक्त कन्नडमधून. मी दोन्हीकडं एकच सांगते – दवाखान्यात डॉक्टर हवा, शाळेत दोन्ही भाषांचे मास्तर हवेत. आमचा पक्ष छोटा, मधला. माना डोलावतात, चहा पाजतात. मत देणार नाहीत, ते चहातच कळतं.

३० एप्रिल

आज आमची गल्ली. आप्पा दारातच होते. बाप माझा, पण सगळी हयात एका पक्षात घालवलेला माणूस. मी या पक्षात आल्यापासून माझ्याशी बोलत नाहीत. "जयभीम, आप्पा," म्हटलं. त्यांनी दोन्ही हातांनी पत्रक घेतलं. "जयभीम, ताई."

ताई! पारू नाही. दारात येणाऱ्या कुठल्याही उमेदवाराला म्हणतात तसं. त्यापेक्षा चार शिव्या घालायच्या होत्या. कोपऱ्यावर जाऊन रडले.

५ मे

मतदानादिवशी बूथमध्ये आपला एजंट बसवावा लागतो. बाकी ठिकाणी जमलं, आमच्याच गल्लीच्या बूथला कुणी मिळेना. माणूस त्याच भागातला मतदार हवा. शाळेतल्या मैत्रिणीला, रचनाला, विचारलं. "बसलो तर आप्पांस्नी तोंड कसं दावू गं?" म्हणाली.

कुठंही खुर्ची मोकळी राहू दे. तिथं नको. मला अंगाखांद्यावर खेळवलेली माणसं रांगेतून ती बघणार.

८ मे

प्रचार संपला. एजंट नेमायच्या कागदावर नावाची जागा कोरी ठेवून, सही करून रचनाकडं ठेवून आले, उगीच आपलं. फार एकटं वाटतंय.

१० मे

सकाळीच रचनाचा फोन – "आप्पा कागद घेऊन गेले बघ." धावत बूथवर गेले. खुर्चीत आप्पा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीवर माझ्या नावाचा बिल्ला. शेजारी त्यांच्याच पक्षाचा एजंट, तोंड फिरवून. मला बघून बाहेर व्हरांड्यात आले.

"मत आमच्याच पक्षाला घातलोय, आशा लावू नको. पर आमच्या गल्लीत तुझी खुर्ची मोकळी दिसाय नको." परत आत जाता जाता म्हणाले, "दुपारी डबा घेऊन ये, पारू."