रविवारची विहीर

२ डिसेंबर १९९७, मंगळ.
इंदापूरच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या शाळेला पहिला नंबर. प्रकल्प: शाळेच्या विहिरीचं पाणी, कॉम्प्युटरवर त्याची सरासरी आणि आलेख. मार्गदर्शक म्हणून नाव जगताप सरांचं! दोर सोडून पाणी मोजलं माझ्या नववीच्या पोरींनी. आकडे भरले मी, शाळा सुटल्यावर, एस्टी चुकवून. ह्या माणसानं तोवर मशीनचं बटणसुद्धा दाबलं नव्हतं. हेडसर म्हणतात, "बाई, नाव कुणाचं का असेना, शाळेचंच आहे ना?" मग माझं का नको? मेल्याला सोडणार नाही.

४ डिसें.
घरी भांडी आपटली. ह्यांनी विचारलं, "भांड्यांचा काय गुन्हा?" अजून एक पातेलं आपटलं.

९ डिसें., मंगळ.
सापडला! शनिवारी बारामतीचं मोठं प्रदर्शन, म्हणून ज. सरांनी फ्लॉपीतले आकडे 'नीटनेटके' केलेत. रविवारी शाळा बंद, मोजणी नाही, म्हणून तक्त्यातली रविवारची घरं मी रिकामी सोडली होती. रिकामं घर मशीन सरासरीत धरत नाही. सरांना रिकामं बघवलं नाही, सगळीकडे शून्य ठोकलं. म्हणजे दर रविवारी विहीर ठणठणीत कोरडी आणि सोमवारी परत भरलेली! सरासरी धाडकन खाली, आलेखाला करवतीचे दाते. वर स्टाफरूममध्ये ऐट, "आता कसा उठाव आलाय बघा." मी म्हटलं, "झकास, सर." आजचा चहा भलताच गोड लागला.
खऱ्या आकड्यांची दुसरी फ्लॉपी माझ्या कपाटात आहे. राहू दे तिथंच.

११ डिसें.
परीक्षकांसमोर एवढंच विचारायचं: "सर, रविवारी पाणी कुठं जातं हो?" आरशासमोर म्हणून बघितलं. आवाज गोड ठेवायचा. कसं तोंड पडतंय ते बघायचंय मला, भर हॉलमध्ये.

१२ डिसें., शुक्र.
मधल्या सुट्टीत संगी आली. अंथुर्ण्याची, विहिरीत दोर सोडायची ती.
"बाई, ऐतवारी हीर कोरडी कशी दावलीया? आमी तर ऐतवारी मापलंच न्हाय. सरांस्नी सांगू का?"
म्हटलं, "आत्ता नको."
"मग उद्या कुणी इचारलं तर? सरांनी मलाच उभं केलंय. म्हणाले, समदं तूच बोलायचं."
म्हणजे हा मागे खुर्चीत बसणार आणि तोंडघशी पडणार पोरगी! हलकट.

१३ डिसें., बारामती.
हॉलच्या कोपऱ्यात बसून लिहितेय. ज. सर कोट घालून खुर्चीत. संगीच्या वेण्यांना नव्या लाल रिबिनी.
निघताना कपाटातली फ्लॉपी पर्समध्ये टाकली. का, ते माझं मलाच कळलं नाही. टेबलावरच्या मशीनमधली बदलायला दोन मिनिटं पुरतील. बदलली तर पोरगी वाचेल, आणि हार परत ह्याच्याच गळ्यात. इतकी जळतेय मी, ते काय ह्याला सजवायला?
परीक्षक शेजारच्या टेबलाशी आलेत. संगी माझ्याकडे बघून हसली. तिला वाटतंय, बाई आहेत म्हणजे काळजी नाही. पर्समधून फ्लॉपी काढली, उठतेय.