उलटा पीळ

प्रिय नंदू,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे लिहून त्याचा फोटो पाठवतेय. निदान वाच. पुण्याला जाताना रोज फोन करीन म्हणाला होतास, आणि कारखान्यातल्या आगीचं कळवल्यापासून तुझी वाचाच बसली.

तिथं मागावर काम करणाऱ्या बसम्माचे दोन्ही तळहात भाजलेत. टॉवेलांचा गठ्ठा वाचवायला गेली बाई. आई दवाखान्यात डबा नेते आणि तिला घास भरवते. कारखान्याचा मालक म्हणतो, जळालेल्या मोटारीचं वाइंडिंग तुमच्या अप्पांनीच कच्चं केलं. आपल्या अप्पांनी! त्यांच्या वाइंडिंगच्या दुकानाकडं गिऱ्हाईक फिरकत नाही. अप्पा जेवत नाहीत. मला तर जीव नकोसा झालाय.

म्हणून कॉलेजच्या लॅबमध्ये मी तीच मोटार कॉम्प्युटरवर उभी केली. तू ज्याला 'अक्काचा व्हिडिओ गेम' म्हणायचास ना, तोच माझा प्रोजेक्ट. तिन्ही फेजचा करंट मोजायचा आणि त्याचे भाग सुटे करायचे: मोटार फिरवणारा सरळ क्रमाचा, तिला मागं ओढून तापवणारा उलट क्रमाचा, आणि तिन्हींत सारखाच असलेला शून्य क्रमाचा. सगळं ठीक असेल तर उलटा जवळजवळ नसतोच. आगीच्या दिवशी विजेचा एक फेज गेला होता, म्हणून मीही एक तोडला. सरळ जेवढा, तेवढाच उलटा उसळला. पण मोटारीवर बसवलेला प्रिव्हेंटर नेमका त्यालाच ओळखतो. वाइंडिंग तापायच्या आत त्यानं मोटार बंद केली. वेड्यासारखी पुन्हा पुन्हा चालवून पाहिली, जळेचना. प्रिव्हेंटर काढला, तेव्हा जळाली.

धावत घरी येऊन अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "मिटवून टाक ते. माजाच हात चुकला म्हणायचं. कुणाला सांगू नगं." मी भांडले, रडले. मग त्यांचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात काळवंडलेल्या पिवळ्या तारेचा तुकडा. प्रिव्हेंटरला वगळून मोटार चालू ठेवायला जोडलेला, अप्पांनी जळक्या मोटारीवरून गुपचूप काढून आणलेला. टोकाचा पीळ उलटा, डावखुऱ्या माणसाचा. आपल्यात डावखुरा तू एकटाच. गणपतीत घरी आलास तेव्हा मालकानं तुलाच बोलावलं होतं की, मोटार सारखी बंद पडते, ऑर्डर अडकलीय म्हणून. तू लगेच चालू करून आलास. अप्पा गल्लीभर कौतुक सांगत फिरले होते रे.

शिव्या द्यायला लिहीत नाहीये. सोमवारी सकाळी अप्पा पोलिसांत जबाब देणार आहेत, की वाइंडिंग माझंच कच्चं होतं. तार आता माझ्याकडं आहे. ती फेकून द्यायला हात होत नाही, आणि घेऊन ठाण्यात गेले तर अप्पा पुन्हा माझं तोंड बघणार नाहीत. रविवारची मिळेल ती एस.टी. पकड. आधी बसम्माकडं जाऊ, मग ठाण्यात. मी तुझा हात सोडणार नाही. पण तू नाही आलास, तर मला एकटीला जावं लागेल, नंदू. ते माझ्यावर आणू नकोस.

तुझीच,
अक्का